४२ स्लाइड, २० मिनिटे : टीम लीडरच्या प्रेझेंटेशनविषयी

टीम लीडरला जी प्रेझेंटेशन द्यावी लागतात ती साधारण तीन प्रकारची असतात : महिन्याच्या कामाचा आढावा, उद्भवलेल्या अडचणीचा तपास, आणि मागणी. मागणी माणसाची असेल, मशीनची असेल, पैशांची किंवा नुसत्या मुदतवाढीची. तिन्ही प्रकारांत समोर बसलेल्यांपैकी कुणाला तरी शेवटी काहीतरी ठरवायचे असते. साध्या आढाव्यातही ‘चालू द्या’ की ‘थांबवा’ एवढे तरी ठरतेच. विक्री प्रतिनिधी आपला माल मांडतो, प्राध्यापक आपला विषय मांडतो. टीम लीडर मात्र दुसऱ्यांनी केलेले काम तिसऱ्यांपुढे मांडत असतो. मांडणी फसली, तर तिचा भुर्दंड त्या बैठकीला हजरही नसलेल्या माणसांना पडतो. या प्रेझेंटेशनचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

पुढील विवेचनासाठी एका फसलेल्या प्रेझेंटेशनचा आधार घेतला आहे. प्रस्तुत लेखक तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात १४ जणांच्या मशिनिंग सेलचा टीम लीडर होता. करता येण्यासारख्या बहुतेक चुका त्याने एकाच बैठकीत केल्या, म्हणून हे उदाहरण सोयीचे आहे.

सेलमध्ये गिअरबॉक्सचा एक शाफ्ट होत असे. बेअरिंग बसते तिथे त्याचा व्यास २५ मिलिमीटर आणि टॉलरन्स के-६, म्हणजे मूळ मापापेक्षा २ ते १५ मायक्रॉन जास्त. चालवून घ्यायला जागा फक्त १३ मायक्रॉनची. ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर काही शाफ्ट घट्ट जाऊ लागले, तक्रार आली आणि टीम कामाला लागली. इन्सर्ट बदलून पाहिले, कूलंट तपासले, गेज पुन्हा कॅलिब्रेट करून आणले, मालाची कठिणता मोजली. तीन आठवडे यात गेले. कारण सापडले ते एका ऑपरेटरच्या खिशातल्या वहीत. भोसरीत साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. बुधवारी रात्री बंद झालेले मशीन शुक्रवारी सकाळी थंडगार असते, आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) मात्र बुधवारच्या तापलेल्या मशीनचा तसाच राहिलेला असतो. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढते. स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापून स्थिरावेपर्यंत माप १० मायक्रॉन सहज सरकते. खराब शाफ्ट निघत होते ते शुक्रवारच्या पहिल्या पाळीच्या पहिल्या पाऊण तासातच. उपाय साधा होता. पहिला नग लावण्याआधी मशीन २० मिनिटे रिकामे फिरवायचे आणि मगच ऑफसेट तपासायचा. त्यासाठी दोन होकार हवे होते : बदललेल्या कंट्रोल प्लॅनला ग्राहकाचा, आणि एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या ओव्हरटाइमला आपल्याच प्लँट मॅनेजरचा.

बैठकीला वेळ २० मिनिटांचा होता आणि स्लाइड ४२ होत्या. पहिल्या चारांत कंपनीची माहिती, त्यातल्या एकीवर इमारतीचा फोटो. पुढच्या सहांत शाफ्ट कसा तयार होतो त्याचा प्रवास, जो ग्राहकाला पाठ होता. मग इन्सर्ट, मग कूलंट, मग गेज. तीन आठवडे ज्या क्रमाने गेले, त्याच क्रमाने सगळे. शुक्रवारची गोष्ट होती ३७व्या स्लाइडवर. २६वीला ग्राहकाच्या क्वालिटी हेडने घड्याळ पाहिले आणि विचारले, ‘‘मग कारण काय?’’ उत्तर मिळाले, ‘‘पुढे येतंय सर.’’ ते पुढे आलेच नाही. २९व्या स्लाइडला वेळ संपली. प्रत्येक शाफ्ट बाहेरच्या एजन्सीकडून तपासून घ्यायचा आणि खर्च पुरवठादाराने सोसायचा, असा निर्णय झाला. तो सहा आठवडे लागू राहिला. वहीवाला ऑपरेटर मागच्या रांगेत बसला होता. परतताना गाडीत तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, शुक्रवारचं तर राहूनच गेलं.’’

येथे चूक स्लाइडच्या संख्येची वाटते, पण संख्या हे केवळ लक्षण होते. खरी चूक क्रमाची होती. काम ज्या क्रमाने होते तो क्रम शोधणाऱ्याचा असतो : आधी अंधार, मग चाचपडणे, शेवटी उजेड. ऐकणाऱ्याला मात्र उजेड आधी लागतो, म्हणजे बाकीचे त्याला त्या उजेडात पाहता येते. कष्ट क्रमाने दाखवावेत असे टीम लीडरला वाटते, कारण ते कष्ट त्याच्या माणसांचे असतात. भावना रास्त आहे, जागा चुकीची आहे. त्या बैठकीत पहिल्याच मिनिटाला एवढे सांगायला हवे होते : ‘शाफ्ट घट्ट जातात ते फक्त शुक्रवारी सकाळी तयार झालेले. मशीन थंड असते हे कारण आहे. २० मिनिटांचे वॉर्म-अप सुरू केले आहे, कंट्रोल प्लॅनमध्ये ते घालायला तुमची मंजुरी हवी.’ तीन वाक्ये. २० मिनिटांतली उरलेली १९ पुराव्याला आणि प्रश्नांना मिळाली असती.

या मांडणीसाठी परदेशी पुस्तके धुंडाळण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनात नमन झाले की मूळ पद येते, म्हणजे कीर्तनाचा विषय एका पदात श्रोत्यांच्या हाती दिला जातो. त्यानंतर पूर्वरंगातले निरूपण आणि मध्यंतरानंतर उत्तररंगातले आख्यान. श्रोता उशिरा आला, मध्ये उठला किंवा त्याला जरा डुलकी लागली, तरी मूळ पद त्याच्यापाशी राहते, आणि आख्यान कितीही लांबले तरी बुवा फिरून त्याच पदावर येतात. टीम लीडरच्या प्रेझेंटेशनचे मूळ पद म्हणजे त्याला हवा असलेला निर्णय. तो पहिल्या मिनिटाला सांगावा, मध्ये पुराव्यासह उलगडावा आणि अखेरीस पुन्हा उच्चारावा. फरक एवढाच की कीर्तनाच्या श्रोत्याला रात्रीचा निवांतपणा असतो आणि प्लँट हेडला साडेअकराची दुसरी मीटिंग असते.

महत्त्वाची गोष्ट तळाला गेली तर काय होते, याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण ‘कोलंबिया’ अंतराळयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडून व्यवस्थापनाला दाखवला. एका स्लाइडचे शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा देणारे होते. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे अशी उतरंड होती. अगदी तळाच्या ओळींत खरी गोष्ट होती : ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला होता त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षात आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. येल विद्यापीठातील एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिकित्सा केली आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३च्या अहवालात तिची दखल घेतली. अपघात स्लाइडमुळे झाला असे कुणी म्हणत नाही. त्याची कारणे तांत्रिकही होती आणि संस्थेच्या कार्यपद्धतीतलीही. पण ६४० पटींचा आकडा शीर्षकात असता, तर त्यावरून नजर घसरणे अवघड गेले असते.

यावरून स्लाइडचा पहिला नियम मिळतो : शीर्षक हे वाक्य असावे, विषयाचे नाव नसावे. ‘रिजेक्शन विश्लेषण’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘रिजेक्शन शुक्रवारी पहिल्या पाळीतच येते’ यातून सगळे कळते. फसलेल्या प्रेझेंटेशनमधल्या ३७व्या स्लाइडवर सहा आठवड्यांचा तक्ता होता. ४२ ओळी, नऊ रकाने, अक्षर इतके बारीक की पहिल्या रांगेतल्यालाही डोळे बारीक करावे लागावेत. ती स्लाइड दाखवायची वेळ आली असती, तरी कुणाला शुक्रवार दिसला नसता. पुढे त्याच ग्राहकापुढे दुसरी बैठक झाली, तेव्हा त्याच आकड्यांचा स्तंभालेख केला. आडव्या रेषेवर आठवड्याचे वार, उभ्या रेषेवर खराब नग. शुक्रवारचा खांब लाल, बाकीचे राखाडी, गुरुवारची जागा रिकामी. तो तक्ता समजावायला चार मिनिटे लागली असती. खांब दिसल्यावर समजावण्याची गरजच पडली नाही, आणि गुरुवारची रिकामी जागा पाहून क्वालिटी हेडने स्वतःच विचारले, ‘‘तुमच्याकडे गुरुवारी सुटी असते का?’’ कारण ऐकणाऱ्याच्याच तोंडून निघाले, तर ते पटवून द्यावे लागत नाही.

एका स्लाइडवर किती ओळी, किती शब्द, याचे ठोकताळे ठिकठिकाणी छापलेले असतात आणि ते फारसे कामाचे नसतात. एक साधी कसोटी पुरते. स्लाइड लॅपटॉपवर उघडून सहा-सात पावले मागे जावे. वाचता आली तर ठीक, नाहीतर अर्धा मजकूर काढावा. मराठीतून स्लाइड करणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि फाइलची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर जवळ असावी. जोडाक्षरे फुटलेली स्लाइड पडद्यावर आली की पुढची पाच मिनिटे लोक फक्त त्याकडेच पाहतात.

भाषेचा प्रश्न मराठी टीम लीडरला वेगळाच येतो. शॉप फ्लोअर मराठी, ग्राहक हिंदी किंवा इंग्रजीत बोलणारा, आणि तांत्रिक शब्द तिन्हीकडे इंग्रजीच. इंग्रजी सफाईदार नसल्याच्या संकोचाने अनेक चांगले लीडर स्लाइड जशीच्या तशी वाचून दाखवतात, आणि वाचणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. जी भाषा नीट येते तीत बोलावे. मिसळ झाली तरी चालते, सगळे तशीच बोलतात. आकड्यांच्या बाबतीत मात्र हयगय नको. ‘सव्वादोनशे’, ‘अडीच टक्के’, ‘पावणेतीन’ हे मराठी कानाला चटकन कळते, पण चेन्नईहून आलेल्या पाहुण्याला कळेलच असे नाही. परक्या श्रोत्यांपुढे आकडा तोंडाने सांगावा आणि पडद्यावरही दाखवावा.

आता टीमविषयी. टीम लीडरच्या प्रेझेंटेशनची निराळी परीक्षा येथेच होते आणि देहबोलीचे वर्ग घेणारे नेमके येथेच गप्प असतात. कोण बोलणार, कोणाचे नाव घेतले जाणार, आणि दोष कोणावर टाकला जाणार, असे तीन प्रश्न आहेत. यांची उत्तरे क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे आपल्याच कामातल्या अडचणी सोडवणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटात, सापडतात. जपानमध्ये १९६२ साली पहिली क्वालिटी सर्कल नोंदली गेली आणि भारतात १९८० साली हैदराबादच्या ‘भेल’मध्ये ही पद्धत सुरू झाली. सर्कलच्या सादरीकरणाचा शिरस्ता असा की तपास ज्यांनी केला तेच तो मांडतात. यंत्रावरचा माणूस स्वतः उभा राहून आलेख दाखवतो. व्यवस्थापनापुढच्या किंवा ग्राहकापुढच्या बैठकीत प्रत्येकाला उभे करणे जमत नाही. पण ज्याने कारण शोधले त्याला त्या कारणाच्या स्लाइडवर दोन मिनिटे बोलू देणे नेहमीच जमते. तो अडखळला तर अडखळू द्यावा. ऐकणाऱ्याला मशीनजवळच्या माणसाच्या अडखळण्यावर लीडरच्या सफाईपेक्षा जास्त विश्वास बसतो.

दुसऱ्या बैठकीत वहीवाल्या ऑपरेटरला पुढे बसवले होते. ‘‘हे फक्त शुक्रवारीच कशावरून?’’ या प्रश्नावर लीडर आलेखाकडे वळणार तेवढ्यात त्याने खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. तेलाचे डाग पडलेली, दर तासाला पेन्सिलने लिहिलेली मापे. क्वालिटी हेडने तीन पाने उलटली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. पहिल्या बैठकीलाही ती वही त्याच्या खिशात होतीच.

दोष मांडण्याचे शास्त्र थोडक्यात सांगता येते. ‘ऑपरेटरची चूक’ हे कारण म्हणून कधीही लिहू नये. अनुभवी ग्राहक ते स्वीकारतही नाही. माणूस चुकतो हे गृहीतच असते. चूक होऊ देणारी पद्धत कोणती, हे विचारले जाते. ‘का?’ हा प्रश्न पाठोपाठ पाच वेळा विचारण्याची टोयोटाची रीत याचसाठी आहे. आणखी एक गोष्ट : बैठकीत टीमच्या चुकांसाठी लीडरने ‘आम्ही’ म्हणावे आणि चांगल्या कामासाठी नाव घ्यावे. याचा उलटा वापर करणारे लीडर प्रत्येक कारखान्यात दोन-तीन तरी सापडतात, आणि त्यांच्या टीम त्यांना पुढच्या वेळी खरी माहिती देत नाहीत.

तयारीची सुरुवात स्लाइडपासून करू नये. टोयोटामध्ये ए-३ कागदाची पद्धत आहे. २९७ बाय ४२० मिलिमीटरच्या एकाच कागदावर सद्यस्थिती, उद्दिष्ट, कारणे, उपाय आणि पुढची पावले मांडायची. जे त्या कागदावर मावत नाही ते बहुधा स्वतःलाच नीट समजलेले नसते. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड बंदच केल्या आणि त्या जागी लिहिलेली टिपणे आणली, जी बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. एवढ्या टोकाला जाण्याचा अधिकार टीम लीडरला नसतो. पण आधी एक पान आणि मग स्लाइड हा क्रम पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या बैठकीसाठी आधी एक कागद लिहिला गेला. त्यातून सात स्लाइड निघाल्या. उरलेल्या ३५ पैकी ११ शेवटी ‘गरज पडल्यास’ म्हणून जोडल्या आणि बाकीच्या काढून टाकल्या. इमारतीच्या फोटोची आठवण कुणी काढली नाही.

सराव उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात वाचलेले २० मिनिटांचे प्रेझेंटेशन उभे राहून बोलायला अर्धा तास घेते. मिळालेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग प्रश्नांसाठी मोकळा सोडून उरलेल्यात बसेल एवढेच ठेवावे. सरावाला विषय न जाणणारा एक तरी श्रोता असावा. स्टोअरमधला किंवा अकाउंट्समधला माणूस यासाठी उत्तम, कारण तो ‘म्हणजे काय?’ असे न लाजता विचारतो. भीतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिली तीन वाक्ये पाठ असली की ती बरीचशी ओसरते, आणि थोडी उरली तरी कुणाला दिसत नाही. हॉलमध्ये १५ मिनिटे आधी जाऊन केबल जोडून पाहावी. लॅपटॉपला एक पोर्ट आणि प्रोजेक्टरला दुसराच, हा प्रकार अजून संपलेला नाही.

प्रश्नोत्तरांत तीन प्रकारचे प्रश्न येतात. ज्याचे उत्तर माहीत आहे त्याचे उत्तर एका वाक्यात द्यावे आणि थांबावे; उत्तराला शेपूट जोडले की त्या शेपटातून नवा प्रश्न निघतो. ज्याचे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही, उद्या पाचपर्यंत कळवतो’ असे म्हणून ते सर्वांसमोर लिहून घ्यावे. तिसरा प्रकार हा प्रश्नच नसतो. ती कुणाची तरी जुनी नाराजी असते. तिच्याशी वाद घालू नये आणि ती टाळूही नये. ‘हे खरे आहे, यावर वेगळे बसू’ म्हणून मूळ मुद्द्यावर यावे. मध्येच कुणी ‘कारण काय?’ विचारले तर त्याच क्षणी कारणाच्या स्लाइडवर उडी मारावी. ‘पुढे येतंय सर’ हे वाक्य तोंडातून काढूच नये.

बैठक संपली म्हणजे प्रेझेंटेशन संपले असे नाही. काय ठरले, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे त्याच दिवशी सर्वांना लेखी जायला हवे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळे आठवते आणि आठवड्याने मोठ्या आवाजात बोललेल्याचे खरे ठरते. स्लाइडची फाइल पाठवणे हे इतिवृत्त नव्हे.

दुसऱ्या बैठकीचे इतिवृत्त चार ओळींचे होते. कंट्रोल प्लॅनमधला बदल मंजूर. बाहेरची तपासणी पुढच्या दोन शुक्रवारांचे नग स्वच्छ निघाल्यावर बंद. अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम मंजूर. शुक्रवारी सकाळी सव्वासहाला मशीन सुरू करण्याची जबाबदारी वहीवाल्या ऑपरेटरकडे.